खिडकीची जाळी



घराच्या खिडक्यांना जाळी बसवावयाची, एवढें वाक्य कोणीं उच्चारलें कीं घरांतील मंडळींत ताबडतोब दोन तट पडतात, असा माझा अनुभव आहे. एक तट म्हणतो, डांसांनीं जीव नकोसा केला आहे, बाजारांत मिळेल ती बारीकांत बारीक जाळी आणा आणि ठोकून टाका. दुसरा म्हणतो, जाळीनें वारा बंद होईल, घराची कोठडी होईल, त्यापेक्षां डांस परवडले. गंमत अशी कीं दोन्ही तट खरें तेंच बोलत असतात, आणि म्हणून हा वाद कधीं मिटत नाहीं. तो वाद आवाजावर न सोडवितां मापावर सोडवावा, एवढ्याच हेतूनें मी आज आपणांपुढें बोलावयास बसलों आहें.

मी कीटकशास्त्रज्ञ नव्हे कीं स्थापत्यविशारद नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पस्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकवून निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. जाळीविषयीं मला जें कांहीं ठाऊक आहे, त्यांतलें निम्में वाचून आणि निम्में चुका करून मिळविलेलें आहे. चुकांनीं शिकविलेलें अधिक पक्कें बसलें आहे, म्हणून प्रथम तेंच सांगतों.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. रत्नागिरीचें बिऱ्हाड मोडून आम्ही उभयतां ठाण्यास चिरंजिवांकडे राहावयास आलों होतों. इमारत नवी, जागा चौथ्या मजल्यावर, खिडक्या सरकत्या काचांच्या, आणि प्रत्येक खिडकीला सरकती जाळी. आमच्या घरांतून लगेच कोंकणांतील जुना शिरस्ता सुरू झाला. दिवेलागणीपूर्वीं सर्व जाळ्या ओढून घ्यावयाच्या आणि सकाळीं, घरांत मोकळा वारा खेळूं दे म्हणून, त्या पुन्हां उघडावयाच्या. शिरस्ता इतका काटेकोर कीं त्यावर घड्याळ लावावें. त्याच वर्षीं भाद्रपदांत, गणपती नुकतेच पोंचवून आलों होतों, आमची सात वर्षांची नात तापानें फणफणली. डोळ्यांच्या मागें दुखतें म्हणून रडूं लागली. रक्त तपासल्यावर डेंग्यू ठरला. रक्तांतील प्लेटलेटांचा आंकडा रोज सकाळीं खालीं उतरे आणि आम्ही सारे, परीक्षेच्या निकालाकडे पाहावें तसे, त्या आंकड्याकडे पाहात असूं. सहा दिवस ती रुग्णालयांत होती. आंकडा एके दिवशीं थांबला, मग चढूं लागला, आणि पोर घरीं आली.

त्या सहा दिवसांत डॉक्टरांनीं मला विचारलें, "गुरुजी, घराला जाळ्या आहेत ना?" मीं अभिमानानें सांगितलें, "आहेत. आणि रोज तिन्हीसांजेस न चुकतां लावतों." त्यावर ते म्हणाले, "हा डांस तिन्हीसांजेची वाट पाहात नाहीं. मुलें शाळेला निघतात, तेव्हां तो येतो."

डॉक्टरांच्या या एका वाक्यानें मला पुस्तकांकडे वळविलें. डांस आणि हिवताप यांचा संबंध सर रोनाल्ड रॉस यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस, डांसाच्या जठराच्या भिंतींत हिवतापाचे जंतू पाहून उघडकीस आणला, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत वाचलें असेल. त्यानंतर तीन वर्षांनीं, १९०० सालीं, जाळीच्या इतिहासांतले दोन प्रयोग झाले, ते मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. पहिला इटलींतला. रोम शहराजवळ समुद्रकांठीं ओस्तियाच्या बाजूस तेव्हां हिवतापाचें मोठें थैमान असे. तेथें डॉ. लो आणि डॉ. साम्बोन हे दारें-खिडक्यांना जाळ्या लावलेल्या एका झोंपडींत जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत राहिले. दिवसा ते मोकळे हिंडत, पावसांत भिजत, दलदलीच्या कांठानें चालत. क्विनीन त्यांनीं घेतलें नाहीं. नियम एकच पाळला: सूर्यास्तापूर्वीं जाळीच्या आंत शिरावयाचें आणि सूर्योदयानंतर बाहेर पडावयाचें. आजूबाजूचीं माणसें तापानें आडवीं होत असतां हे दोघे तापावांचून राहिले.

दुसरा प्रयोग क्यूबा बेटांतील हवाना शहराजवळचा. अमेरिकन लष्करांतील मेजर वॉल्टर रीड यांनीं एक लहानसें घर बांधून त्याच्या एकाच खोलीचे तारेच्या जाळीनें दोन भाग केले. एका भागांत पीतज्वराच्या रोग्यांस चावलेले डांस सोडले, दुसरा भाग डांसांवांचून ठेवला. हवा तीच, भिंती त्याच. मधें फक्त जाळी. २१ डिसेंबर १९०० रोजीं भर दुपारीं जॉन मोरान नांवाचा तरुण डांसांच्या भागांत स्वेच्छेनें अर्धा तास जाऊन राहिला, आणि नाताळच्या दिवशीं त्याला पीतज्वर चढला. जाळीच्या अलीकडे राहिलेलीं माणसें ठणठणीत राहिलीं. सुदैवानें मोरानही वांचला.

आतां यांत आपणांस उपयोगाची गोष्ट कोणती? ओस्तियाचा डांस अॅनॉफिलिस जातीचा, रात्रीं चावणारा. हवानाचा डांस एडिस जातीचा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा; आणि आपल्या शहरांतून डेंग्यू पसरविणारा डांस तोच आहे. मीं ओस्तियाचें वेळापत्रक ठाण्यांतल्या घराला लावलें होतें, आणि माझ्या घरीं येणारा पाहुणा हवानाचा होता.

म्हणून जाळी घेतांना दुकानांत जाण्यापूर्वीं पहिला प्रश्न स्वतःस विचारावा तो असा, कीं आपण कोणाला आणि कोणत्या वेळीं अडविणार आहों? एडिस घरांतल्या-दारांतल्या स्वच्छ सांठविलेल्या पाण्यांत, फुलदाणींत, कुंडीखालच्या बशींत, शीतकपाटामागच्या तबकांत वाढतो. सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि सूर्यास्तापूर्वींचे दोन तास हा त्याचा मुख्य उद्योगाचा काळ. शहरी हिवतापाचा अॅनॉफिलिस विहिरींत आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो व रात्रीं येतो. मुंबईच्या हिवतापाचा तपास करून डॉ. बेंटली यांनीं १९११ सालीं जो अहवाल दिला, त्यांत विहिरींवरच बोट ठेवलें होतें. गटारांत वाढणारा क्यूलेक्स हाही रात्रीचाच. यावरून निघणारा निर्णय साधा आहे. शहरांतल्या घराची जाळी ही चोवीस तास बंद राहूं शकेल अशी असली पाहिजे. संध्याकाळीं लावावयाची आणि सकाळीं काढावयाची, अशी सोय पाहून घेतलेली जाळी अर्धेंच काम करते. जातां जातां सांगतों, गच्चीवरील टाकीचें झांकण घट्ट बसतें कीं नाहीं आणि तिच्या ओसंडण्याच्या नळीला जाळीचा तुकडा बांधलेला आहे कीं नाहीं, हें एकदां वर चढून पाहावें. इमारतींतली सर्वांत उपयोगी जाळी बहुधा तीच असते, आणि तिच्यासाठीं वर्गणी मागितली कीं कोणी दार उघडत नाहीं.

विदर्भांतल्या श्रोत्यांसाठीं एक वेगळी सूचना. नागपूरजवळच्या चांदीपुरा गांवाच्या नांवानें ओळखला जाणारा विषाणू १९६५ सालीं सांपडला; मुलांच्या मेंदूस सूज आणणारा तो आजार वाळुमाशी पसरविते. वाळुमाशी डांसाहून पुष्कळ लहान असते आणि डांसांच्या साध्या जाळींतून ती सहज आंत येते. जेथें तिचा उपद्रव आहे तेथें अधिक बारीक जाळी घेणें भाग आहे. इतरांनीं मात्र उगीच बारीक जाळीच्या मागें लागूं नये. कां लागूं नये, तें माझ्या दुसऱ्या चुकीवरून कळेल.

नात घरीं आली त्या आठवड्यांत मी हट्टाला पेटलों. "सर्वांत बारीक जी असेल ती द्या," असें दुकानदारास सांगून घरभर नवी जाळी बसविली. इतकी दाट, कीं तींतून पाहिलें असतां समोरची इमारत धुक्यांत दिसावी. हिवाळा बरा गेला. चैत्र उजाडला आणि घर भट्टीसारखें तापूं लागलें. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत, सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. आजोबांनीं प्रेमानें केलेली गोष्ट, तिला नांव कोण ठेवणार? वैशाखांत एके रात्रीं दोनच्या सुमारास मी पाणी पिण्यास उठलों, तों नातीच्या खोलींतली जाळी सताड उघडी. "सूनबाई, जाळी कोणीं उघडली?" असें मीं सकाळीं विचारलें, तेव्हां त्या खालीं मान घालून म्हणाल्या, "बाबा, आम्ही रोजच उघडतों. मुलीला घाम येतो, झोंप लागत नाहीं." मी निरुत्तर झालों. माझ्या जाळीचें छिद्र अर्ध्या मिलिमीटरचें होतें खरें. पण उघडल्यावर तें तीन फूट रुंद होत होतें.

आतां जें सांगणार आहें तो जाळीचा हिशेब आहे. हाताशीं कागद-पेन्सिल असेल तर बरें. बाजारांत जाळीचें माप मेश या शब्दानें सांगतात. एका इंचांत जितकीं घरें तितका मेश. सोळा मेशची जाळी म्हणजे एका इंचांत सोळा घरें, चौरस इंचांत दोनशें छप्पन्न. तुलनेसाठीं सांगतों, बाजारांत १५६ घरांची म्हणून जी मच्छरदाणी मिळते तिच्या चौरस इंचांत एकशें छप्पन्नच घरें असतात, आणि तींत निजून माणसें डांसांपासून सुरक्षित राहतात. मग सोळा मेशला विरळ कोण म्हणेल? खिडक्यांसाठीं सर्वत्र रूढ झालेलें माप एका बाजूनें अठरा आणि दुसरीनें सोळा असें आहे, आणि डांसांसाठीं तें पुरेसें आहे.

परंतु मेश हा अर्धाच हिशेब झाला. उरलेला अर्धा तारेच्या जाडीचा, आणि तो दुकानदार सहसा सांगत नाहीं, कारण गिऱ्हाईक विचारीत नाहीं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. सोळा मेशच्या जाळीची तार ०.२८ मिलिमीटर जाडीची धरूं. सोळा तारांनीं मिळून ४.४८ मिलिमीटर जागा अडविली, उरली २०.९२. ती सोळा घरांत वांटली कीं एक घर सुमारें १.३ मिलिमीटरचें होतें. उभ्या-आडव्या दोन्ही तारांचा विचार केला, तर शंभर भाग खिडकींतले अडुसष्ट भाग मोकळे राहिले. आतां तीच तार घेऊन इंचांत तीस घरें विणा. मोकळे भाग अडुसष्टांवरून पंचेचाळिसांवर येतात. हीच माझी दुसरी चूक, आंकड्यांत मांडलेली. पण तीस घरेंच ठेवून तार ०.१५ मिलिमीटरची घेतली, तर मोकळे भाग पुन्हां अडुसष्ट! म्हणजे बारीक जाळी हवी असेल त्यानें बारीक तारेचीच घ्यावी. वाऱ्याचा हिशेब मात्र याहून थोडा कठीण आहे. मोकळी जागा तेवढीच असली तरी लहान लहान छिद्रांतून मंद वाऱ्याला अधिक अडथळा होतो, आणि बारीक तार लवकर तुटते. म्हणून वाळुमाशीचें कारण नसेल तर सोळा-अठराच्या पुढें जाऊं नये, असें मी म्हणतों.

तारेची जाडी घरच्या घरीं कशी मोजावी? शाळेंत आम्ही मुलांना करावयास लावीत असूं तसेंच. नमुन्याच्या कडेची एक तार सोडवून घ्यावी, पेन्सिलीभोंवतीं एकमेकींस चिकटून दहा वेढे द्यावे, आणि त्या वेढ्यांची रुंदी पट्टीनें मोजून दहांनीं भागावी. दहा वेढे जवळजवळ तीन मिलिमीटर भरले तर तार सुमारें ०.२८ ची आहे. घरें मोजण्यासाठीं जाळीवर पट्टी ठेवून मोबाइलनें छायाचित्र घ्यावें आणि तें मोठें करून मोजावें. माझ्यासारख्या चष्मेवाल्यांना तें सोपें जातें.

रंगाविषयीं एकच शब्द. काळ्या किंवा करड्या जाळींतून बाहेरचें स्वच्छ दिसतें. पांढरी जाळी उजेड डोळ्यांवर परतविते आणि दृष्टीपुढें पडदा उभा करते. पांढरी अधिक प्रसन्न दिसेल म्हणून ती घेणारे मागाहून पस्तावतात.

आतां जाळी कशाची असावी? या प्रश्नाचें उत्तर आपण समुद्रापासून किती दूर राहतों यावर पुष्कळसें अवलंबून आहे. रत्नागिरीस आमचें घर किनाऱ्यापासून हांकेच्या अंतरावर होतें. तेथें साध्या लोखंडी जाळीचें आयुष्य दोन पावसाळे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी त्याहून टिके, पण खाऱ्या वाऱ्यानें मुलामा झिजला कीं एकदां लागलेला तांबेरा आठवड्या-आठवड्याला पसरतो. शेवटीं मीं पगाराचे पैसे सांठवून, पुन्हां कटकट नको म्हणून, एका दुकानांतून स्टेनलेस स्टीलची म्हणून जाळी घेतली. आश्विन उजाडण्यापूर्वीं चौकटीखालीं भिंतीवर तपकिरी ओघळ उतरले. ती जाळी स्टेनलेस नव्हतीच. चकचकीत मुलाम्याची लोखंडी होती. मी दुकानांत गेलों तेव्हां दुकानदारानें समुद्राला दोष दिला.

त्या दिवसापासून मी जाळी घेण्यास जातांना खिशांत एक लोहचुंबक ठेवतों. जाळी चुंबकाला घट्ट चिकटली तर ती लोखंडाची, मग चिठ्ठीवर कांहींही लिहिलेलें असो. चुंबकानें ती अगदीं किंचित ओढली गेली तर मात्र दुकानदारावर संशय घेऊं नये. चांगलें स्टेनलेस स्टीलही त्याची बारीक तार ओढतांना थोडेसें चुंबकाला जुमानूं लागतें. मुळींच ओढली गेली नाहीं तर ती स्टेनलेसची किंवा अॅल्युमिनियमची. त्या दोहोंतला फरक हातांना कळतो. अॅल्युमिनियमची जाळी वजनाला हलकी असते, आणि एकदां दुमडली कीं तिची घडी जात नाहीं. स्टेनलेसमध्यें पुन्हां ३०४ आणि ३१६ अशा दोन प्रती मुख्यत्वें मिळतात. दुसरींत मोलिब्डेनम नांवाची धातू असते, त्यामुळें ती खाऱ्या हवेला अधिक दाद देत नाहीं. पुणें, नाशिक, नागपूर येथील घरांना ३०४ पुरे आहे. मुंबईच्या समुद्राकडील खिडक्यांना, आणि मालवण, रत्नागिरी, पणजी येथें, ऐपत असेल तर ३१६ च घ्यावी. अॅल्युमिनियमला तांबेरा लागत नाहीं, परंतु खाऱ्या हवेंत त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखे ठिपके येतात व तें खड्ड्या-खड्ड्यांनीं खाल्लें जातें.

राहिली फायबरग्लासची जाळी. काचेच्या धाग्यांवर प्लास्टिकचें आवरण घालून ती करतात. ती स्वस्त, कात्रीनें कापतां येते, तिला तांबेरा नाहीं, घडी नाहीं. चौथ्या-पांचव्या मजल्यावर, जेथें मांजर नाहीं व लहान मूल खिडकीस रेलत नाहीं, तेथें ती सुखानें वापरावी. माझ्या मतें बहुसंख्य घरांना तीच योग्य आहे. तळमजल्यावर मात्र मांजराच्या एका उडीनें तिची चाळण होते, उंदीर कुरतडतात, आणि स्वयंपाकघरांत शेगडीजवळ ती लावणें धोक्याचें. तेथें स्टेनलेसच बरी. नायलॉनच्या जाळीला कडक उन्हानें ठिसूळपणा येतो. ती खिळ्यांनीं किंवा चिकटपट्टीनें लावून दोन वर्षें काढावयाचीं असतील, भाड्याची जागा असेल, तर ठीक आहे. घड्यांची म्हणून जी नवी जाळी मिळते, ती दिसावयास फार देखणी. पण तिच्या दोऱ्या नाजूक, आणि ज्या घरांत दोन मुलें आहेत तेथें ती किती दिवस देखणी राहील तें मी पैजेवर सांगणार नाहीं.

जाळीच्या कापडाविषयीं एवढें बोललों. पण डांस जाळींतून क्वचितच येतो. तो येतो चौकटीच्या कडेनें. पूर्वीच्या लांकडी खिडकींत जाळीची झडप बिजागरीवर उघडत असे आणि कडी लावली कीं चारी बाजूंनीं घट्ट बसे. सरकत्या खिडकींत तसें होत नाहीं. सरकावयाचें म्हणजे मधें थोडी फट हवीच. त्या फटींत ब्रशासारख्या केसांची पट्टी बसविलेली असते. ही पट्टी दोन-चार वर्षांत झिजते, गळते, आणि कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. ती बदलावयास अगदीं थोडा खर्च येतो. दुसरें, सरकती काच अर्धवट उघडी ठेवूं नये. काच आणि जाळी या दोन वेगवेगळ्या रुळांवरून धांवतात. काच पूर्ण सरकविली असतां तिची कड जाळीच्या कडेला येऊन मिळते, पण मधेंच थांबविली तर दोहोंच्या मधें बोटभर पोकळी राहते आणि जाळी लावलेली असूनही घर उघडें असतें. आमच्या घरीं हें कित्येक महिने चालू होतें. तिसरें, रुळाला खालीं पावसाचें पाणी वाहून जाण्यासाठीं भोकें ठेवलेलीं असतात. तीं बुजवूं नयेत, नाहींतर पाणी घरांत येतें. त्यांवर जाळीचा लहानसा तुकडा चिकटवावा.

मिस्त्रीकडून काम करवून घेतांना खिडकीचें माप एकाच ठिकाणीं घेऊं देऊं नये. आपल्या इमारतींची एकही खिडकी काटकोनांत नसते, हें मी भूमितीचा शिक्षक म्हणून खेदानें सांगतों. रुंदी वर, मध्यें, खालीं अशी तीनदां, उंची तशीच तीनदां, आणि दोन्ही कर्ण मोजावे. कर्ण सारखे नसतील तर चौकट वांकडी आहे, आणि काटकोनी जाळी तींत एका कोपऱ्याला फट ठेवूनच बसेल.

आणखी एक गोष्ट, जी बोलावयास बरी वाटत नाहीं, पण सांगितली पाहिजे. खिडकीला गज, गजांवर पक्की ठोकलेली जाळी, आणि दाराबाहेर आग, असा प्रसंग कोणावर येऊं नये. घरांतल्या निदान एका खिडकीचे गज आंतून उघडतां यावे आणि तिची जाळी हातानें निघावी, आणि ती कशी काढावयाची हें मुलांनाही दाखवून ठेवावें.

जाळी बसली म्हणजे काम संपलें असें नाहीं. रस्त्याकडच्या खिडकीची जाळी धुळीनें आणि स्वयंपाकघरांतली फोडणीच्या वाफेनें भरते. मग वारा येईनासा होतो, आणि दोष जाळीच्या मापाला देतात. दिवाळीपूर्वीं एकदां व पावसाळ्यापूर्वीं एकदां साबणाच्या पाण्यानें, मऊ ब्रशानें ती धुवावी, स्वयंपाकघराची महिन्यास. म्हणून जी काढतां येत नाहीं अशी जाळी मी स्वयंपाकघरास सुचविणार नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरची तीस मेशची जाळी उतरवून आम्हीं सोळा-अठराची, काळी, फायबरग्लासची बसविली. तळाच्या बाजूस नवी ब्रशाची पट्टी घातली. वैशाखांत ती रात्रभर बंद राहिली, आणि दिवसाही राहिली. सूनबाईंनीं ती उघडली नाहीं. डोक्यावर पंखा मात्र चालूच असतो, आणि तो डांसालाही नडतो, कारण हा किडा वाऱ्यांत धड उडूं शकत नाहीं.

तपासणीचें काम नातीकडे आहे. ती भर दुपारीं खोलीचे पडदे ओढून, दार लावून अंधार करते आणि उजेडाचे ठिपके कोठें दिसतात तें शोधते. जेथें उजेडाचा ठिपका मोठा तेथें खडूनें खूण. पहिल्या दिवशीं तिला अकरा ठिकाणें सांपडलीं. वातानुकूलन यंत्राची नळी ज्या भोकांतून भिंतीबाहेर जाते तें तर अंगठ्याएवढें होतें, आणि आम्ही कोणी तिकडे कधीं पाहिलेंच नव्हतें. त्यांतलीं नऊ बुजलीं. न्हाणीघराच्या काचपट्ट्यांची झरोक्याची खिडकी आणि बाहेरच्या दाराखालची फट या दोन राहिल्या आहेत. मिस्त्री रविवारीं येतों म्हणाला आहे.